अक्षरांच्या चौकटीत बांधलेलं गाव : 'झेडझेडटी' आणि तिची न संपलेली हौस



मागच्या पालक सभेत एका बाबांनी नेहमीची तक्रार केली. "बाई, पोरगं सारखं मोबाईलवर गेम खेळतंय. तुम्हीच काहीतरी सांगा." मी मुलाकडे बघितलं. चौथीतला मुलगा, वर्गात फारसा बोलत नाही. मी त्याला रागावणारच होते, पण तेवढ्यात त्यानेच मला विचारलं, "बाई, हे गेम कोण बनवतं? आपल्याला बनवता येतात का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. "इंजिनिअर लोक बनवतात" असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते अर्धंच खरं झालं असतं. घरी आल्यावर मी वाचायला बसले आणि वाचता वाचता एका जुन्या, जवळजवळ विसरल्या गेलेल्या खेळापर्यंत पोहोचले. त्याचं नाव 'झेडझेडटी'. हा खेळ १९९१ साली आला. त्यात एकही चित्र नाही, सगळा खेळ अक्षरांचा आणि चिन्हांचा. तरीसुद्धा त्यात नवीन खेळ बनवणारी हौशी माणसं आजही आहेत. तीस वर्षांत संगणक किती बदलले! पण या मंडळींनी तो खेळ सोडला नाही.

असं का झालं, हे समजून घेतलं तर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं असं मला वाटतं. चला तर मग, सुरुवातीपासून पाहूया.

झेडझेडटी म्हणजे नक्की काय?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पोटोमॅक नावाचं गाव आहे. तिथे टिम स्वीनी नावाचा मुलगा राहत होता. तो मेरीलँड विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता. त्याला टर्बो पास्कल या भाषेत प्रोग्रॅम लिहायची आवड होती. लिहिण्यासाठी जो एडिटर लागतो, म्हणजे ज्यात आपण मजकूर टाइप करतो तो प्रोग्रॅम, तो त्याला स्वतःचा हवा होता, म्हणून तो बनवायला बसला. मजकूर टाइप करताना जागा दाखवणारी लुकलुकणारी खूण असते, तिला आपण कर्सर म्हणतो. गंमत म्हणून त्याने त्या कर्सरच्या जागी हसरा चेहरा ठेवला. मग त्या चेहऱ्याला अडवायला भिंती टाकल्या. भिंती आल्या तसे शत्रू आले, किल्ल्या आल्या, दारं आली. अशा रीतीने एडिटरचा खेळ झाला!

जानेवारी १९९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा स्वीनी वीस वर्षांचा होता. कंपनीचं नाव पोटोमॅक कॉम्प्युटर सिस्टिम्स, आणि तिचं ऑफिस म्हणजे आईवडिलांचं घर. पुढे याच कंपनीचं नाव एपिक मेगागेम्स झालं आणि नंतर एपिक गेम्स. आपल्यापैकी अनेकांच्या घरात 'फोर्टनाइट' हे नाव ऐकू येतं. तो खेळ याच कंपनीचा. म्हणजे ज्या मोबाईल गेमवरून आपण मुलांना रागावतो, त्यातल्या एकाची मुळं एका विद्यार्थ्याने घरात बसून केलेल्या हसऱ्या कर्सरपर्यंत जातात.

'झेडझेडटी' या नावाला काही खास अर्थ नव्हता. त्या काळी लोक फोनच्या तारेवरून एकमेकांच्या संगणकावरून फाइली उतरवून घ्यायचे. अशा फाइलींच्या लांबलचक यादीत आपलं नाव अगदी शेवटी यावं म्हणजे लोकांच्या लक्षात राहील, असा त्यामागचा विचार. आपल्या हजेरीपत्रकातलं शेवटचं नाव जसं सगळ्यांना पाठ असतं, तसंच!

चित्र नाही, मग दिसतं काय?

हा भाग मुलांना सांगताना मला सगळ्यात मजा येते, कारण इथे थोडं गणित आहे.

त्या काळच्या डॉस संगणकाचा पडदा 'टेक्स्ट मोड'मध्ये ८० उभे स्तंभ आणि २५ आडव्या ओळी अशा चौकटींमध्ये विभागलेला असायचा. म्हणजे ८० × २५ = २००० घरं. प्रत्येक घरात एकच चिन्ह बसतं. चिन्हं एकूण २५६ आणि रंग १६. झेडझेडटीत उजवीकडचे २० स्तंभ माहितीसाठी राखलेले आहेत. तिथे आरोग्य किती, गोळ्या किती, मशाली किती, रत्नं किती, किल्ल्या कोणत्या हे दिसतं. उरलेले ६० × २५ = १५०० घरांचं मैदान खेळासाठी. अशा एका मैदानाला 'बोर्ड' म्हणतात. अनेक बोर्ड एकमेकांना जोडले की एक 'वर्ल्ड', म्हणजे एक पूर्ण खेळ तयार होतो.

आता या घरांत काय काय असतं बघा. हसरा चेहरा म्हणजे आपण, खेळणारे. लाल रंगाचं ओमेगा हे ग्रीक अक्षर म्हणजे सिंह. वर्तुळाच्या क्षेत्रफळात आपण वापरतो तो 'पाय' म्हणजे वाघ. डोक्यावर दोन टिंबं असलेला इंग्रजी ओ म्हणजे अस्वल. पत्त्यांतली चौकट म्हणजे रत्न आणि पत्त्यांतला किल्वर म्हणजे गुंड. विज्ञानाच्या पुस्तकात 'मादी' दाखवायला जे चिन्ह वापरतात ते इथे किल्ली झालंय. नीट बघितलं तर ते खरंच किल्लीसारखं दिसतं! हिरवे ठिपके म्हणजे जंगल, निळे ठिपके म्हणजे पाणी.

लहान मुलाने काडेपेटीला आगगाडी म्हणावं, तसाच हा सगळा मामला. पहिली पाच मिनिटं आपल्याला फक्त अक्षरं दिसतात. नंतर 'पाय' जवळ येऊ लागला की आपण घाबरून मागे सरकतो. आपल्याकडे भातुकलीत पानं पोळ्या होतात आणि खडे भाजी होतात, तेव्हा मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. तेच इथे.

खरी गंमत एडिटरमध्ये

झेडझेडटीचा पहिला खेळ 'टाऊन', म्हणजे गाव. तो फुकट वाटला जायचा. आवडला तर पैसे पाठवून बाकीचे खेळ मागवायचे. या पद्धतीला शेअरवेअर म्हणतात. मागणी पत्राने किंवा फोनने यायची आणि फ्लॉपी टपालाने जायची. या विक्रीतून काही हजार प्रती खपल्या. आजच्या आकड्यांपुढे हे काहीच नाही.

पण स्वीनीने एक वेगळी गोष्ट केली. ज्या एडिटरमध्ये त्याने स्वतः हे खेळ बांधले, तोच एडिटर त्याने खेळासोबत दिला. मिठाईवाल्याने पेढ्यांसोबत कढई आणि खवाही द्यावा, तसं. शिवाय १९९१ मध्येच लोकांनी बनवलेल्या खेळांची स्पर्धा घेतली. निवडक खेळांचे संच नंतर कंपनीने प्रसिद्ध केले, आणि त्यांतल्या काही जणांना पुढे कंपनीच्याच खेळांवर कामही मिळालं.

याचा परिणाम असा झाला की मूळ चार खेळ लोकांनी खेळले आणि संपवले, पण एडिटर काही संपेना. त्यात रोज नवीन काहीतरी तयार होत राहिलं. बनवणारे बहुतेक शाळकरी आणि कॉलेजातली मुलं होती. त्यांना प्रोग्रॅमिंग कुणी शिकवलं नव्हतं. पडद्यावर भिंत काढता येते, सिंह ठेवता येतो, आणि लगेच एक बटण दाबून आपल्याच गावात फिरता येतं, एवढं त्यांना पुरलं.

बोलणारी वस्तू : छोटीशी भाषा

भिंत, सिंह, किल्ली या गोष्टी तयार मिळतात. त्यांच्याशिवाय एक रिकामी वस्तू मिळते, तिला 'ऑब्जेक्ट' म्हणतात. ती कशी दिसेल आणि कशी वागेल हे आपण ठरवायचं. त्यासाठी झेडझेडटीची स्वतःची छोटी भाषा आहे. मूळ आज्ञा इंग्रजीत आहेत. आपल्याला समजावं म्हणून मी त्या मराठीत लिहून दाखवते. समजा, आपल्याला गावात एक दुकानदार बसवायचा आहे. तो पाच रत्नं घेतो आणि दोन मशाली देतो.

@दुकानदार
#थांब
:स्पर्श
#घे रत्नं ५ गरीब
#दे मशाली २
हे घ्या. पुन्हा या.
#थांब
:गरीब
पाच रत्नं आणा, मग बोलू.
#थांब

एकेक ओळ बघूया.

१) @ नंतर वस्तूचं नाव येतं.
२) # नंतर आज्ञा येते. पहिली आज्ञा 'थांब'. म्हणजे दुकानदार उगाच काही करत नाही, गप्प बसून राहतो.
३) : नंतर एक खूण येते. खेळाडू दुकानदाराला धडकला की संगणक 'स्पर्श' ही खूण शोधतो आणि तिथून पुढे वाचू लागतो.
४) 'घे रत्नं ५ गरीब' याचा अर्थ, खेळाडूकडून पाच रत्नं घे, आणि तेवढी नसतील तर 'गरीब' या खुणेवर जा.
५) ज्या ओळीच्या आधी कोणतंच चिन्ह नाही, ती ओळ म्हणजे दुकानदाराचं बोलणं.

बस्स! फक्त दहा ओळी. पण यात काय काय आलं बघा. क्रम आला. जर-तर आलं. एखादी घटना घडेपर्यंत वाट पाहणं आलं. मोठ्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात या तीन गोष्टी शिकायला कितीतरी पानं लागतात. इथे त्या एका दुकानदारात बसल्या.

आणि चूकही लगेच दिसते. समजा मधली 'थांब' लिहायची राहिली, तर दुकानदार मशाली देतो, "पुन्हा या" म्हणतो आणि लगेच "पाच रत्नं आणा, मग बोलू" असंही म्हणतो! मुलं हसतात, आणि हसता हसता 'थांब' कशासाठी असतं ते कायमचं कळतं.

मर्यादा होत्या, म्हणूनच डोकं चाललं

झेडझेडटीत मर्यादा भरपूर आहेत. पूर्ण खेळात फक्त दहा गोष्टी लक्षात ठेवता येतात, म्हणजे 'राजाला भेटलो', 'पूल दुरुस्त केला' अशा दहा खुणा. अकरावी हवी असेल तर आधीची एखादी पुसायची. आवाज संगणकाच्या आतल्या साध्या भोंग्याचा. हलणाऱ्या वस्तू एका बोर्डावर साधारण दीडशेच. एडिटरमध्ये रंग निवडायचे तर फक्त सात, तेही ठळक.

पण पडदा तर सोळा रंग दाखवू शकतो, हे मुलांना माहीत होतं. मग बाकीचे रंग आणायचे कसे? कुणीतरी फाइलीच्या आतल्या आकड्यांत खटपट करून गडद रंगाच्या, वेगळ्या पार्श्वभूमीच्या भिंती तयार केल्या. त्या एका बोर्डावर मांडून ठेवल्या आणि तो बोर्ड सगळ्यांना वाटला. ज्याला रंग हवा त्याने तो बोर्ड आपल्या खेळात घ्यायचा, हव्या त्या रंगावर जायचं, तो उचलायचा आणि आपल्या गावात लावायचा. रांगोळीच्या रंगांच्या वाट्या शेजारणीने आणून ठेवाव्यात, तसा प्रकार. अशा बोर्डांना ते 'टूलकिट' म्हणायचे. पुढे हौशी मंडळींनी मूळ एडिटरपेक्षा सोयीचे नवीन एडिटरही लिहिले.

ही युक्ती एकदा हाती आल्यावर खेळांचं रूप बदललं. पडद्यावर छटा आल्या, सावल्या आल्या. किल्ली शोधा आणि दार उघडा एवढ्यावर न थांबता मुलांनी लढाईचे खेळ केले, कोडी केली, विनोदी गोष्टी केल्या, स्वतःच्या शाळेवरच्या गोष्टी केल्या. जी गोष्ट या साधनात होऊच शकत नाही असं वाटायचं, ती कुणीतरी करून दाखवायचा, आणि ती कशी केली हे बाकीचे फाइल उघडून बघायचे.

हा मुद्दा शिक्षक म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. झेडझेडटीचा खेळ जिथे खेळतो, तिथेच तो उघडूनही बघता येतो. दुसऱ्याचा दुकानदार आवडला तर त्याच्यावर जाऊन त्याच्या ओळी वाचायच्या. आपण निबंध लिहायला शिकलो ते दुसऱ्यांचं चांगलं लेखन वाचून. प्रोग्रॅमिंगही तसंच शिकता येतं, फक्त वाचायला मिळालं पाहिजे. काही जण आपला खेळ कुलूप लावून बंद करायचे, तर बाकीच्यांनी ती कुलपं उघडायची साधनं बनवली! त्यावरून भांडणंही व्हायची. वर्गात "बाई, यानं माझं बघून लिहिलं" असतं ना, अगदी तेच.

या मंडळींच्या स्पर्धाही गाजल्या. त्यातली एक चोवीस तासांची. विषय जाहीर व्हायचा आणि पुढच्या चोवीस तासांत पूर्ण खेळ तयार करून द्यायचा. वेळ कमी असल्यामुळे काम अर्धवट सोडायची सवय मोडायची. खरं सांगायचं तर या मुलांनी सुरू करून अर्धवट सोडलेले खेळ असंख्य आहेत. पूर्ण झालेलेही सगळे चांगले आहेत असं नाही. अनेक खेळ कच्चे आहेत, काही नुसते चावट आहेत. हौसेच्या कामात हे असायचंच.

मग हे सगळं टिकलं कसं?

इथे मला माझा एक अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेसाठी फ्लॅशमध्ये छोटे छोटे गणिताचे खेळ केले होते. कितीतरी रात्री जागून केले होते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं आणि माझे खेळ उघडेनासे झाले. मूळ फाइली एका पेनड्राइव्हमध्ये होत्या, तो कुठे गेला ते आजही माहीत नाही. आपल्यापैकी अनेकांचं असं काही ना काही गेलं असेल. जुन्या शैक्षणिक सीडी आठवा.

झेडझेडटीवरही हेच संकट आलं होतं. त्याचा मूळ सोर्स कोड, म्हणजे स्वीनीने लिहिलेला प्रोग्रॅम, हरवला. त्याच्याकडेही तो राहिला नाही. नवीन संगणकांवर डॉसचे प्रोग्रॅम चालेनात. हिशेबाने हा खेळ तिथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही, याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, जपणारी माणसं. फाइली अगदी लहान असल्यामुळे लोकांनी त्या फ्लॉपीवर, नंतर सीडीवर, नंतर आणखी कुठे कुठे उतरवून ठेवल्या. पुढे हौशी मंडळींनी त्यांचं एक डिजिटल संग्रहालयच उभं केलं. त्यात आज तीन हजारांहून अधिक फाइली जपलेल्या आहेत. त्यात एखाद्या बारा वर्षांच्या मुलाने १९९० च्या दशकात केलेला वेडावाकडा खेळही आहे. त्याला कुणी टाकाऊ म्हटलं नाही.

दुसरं कारण, दुरुस्त करणारी माणसं. एका हौशी प्रोग्रॅमरने तयार खेळाचा बारकाईने अभ्यास करून हरवलेला सोर्स कोड पुन्हा लिहून काढला. तोही असा, की त्या काळच्या टर्बो पास्कलमधून तो चालवला तर तयार होणारी फाइल मूळ फाइलीशी बाइट न् बाइट जुळते. एखादी हरवलेली पोथी तिच्या छापील प्रतीवरून काना-मात्रेसकट पुन्हा लिहावी, तसं हे काम. स्वीनीच्या परवानगीने २०२० मध्ये तो कोड सगळ्यांसाठी खुला झाला. त्याआधी जुने खेळ आजच्या संगणकावर आणि ब्राउझरमध्येही चालावेत म्हणून एक छोटा इम्युलेटर तयार झाला होता. इम्युलेटर म्हणजे नवीन संगणकाला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. या कामाचे कुणी पैसे मागितले नाहीत.

तिसरं कारण, मोठं होऊनही न लाजणारी माणसं. लहानपणी खेळ बनवणारी ती मुलं आज चाळिशीत आहेत. त्यांतली काही पुढे खेळ बनवण्याच्याच व्यवसायात गेली. खेळ बनवणारी लेखिका अ‍ॅना अँथ्रोपी हिने २०१४ मध्ये 'झेडझेडटी' याच नावाचं पूर्ण पुस्तक लिहिलं. लहानपणी या खेळाने आपल्याला काय दिलं, हे त्यात ती मोकळेपणाने सांगते. ॲलेक्सिस जॅन्सन या झेडझेडटीत रमलेल्या मुलीने १९९४ मध्ये त्याच धर्तीवर 'मेगाझू' नावाचं नवीन साधन लिहिलं. तेही हौशी लोकांनी पुढे चालू ठेवलं.

यात सरकारी योजना नाही, मोठी कंपनी नाही. साधन लहान होतं, आत उघडून बघता येत होतं, आणि वापरणाऱ्यांना ते आपलं वाटत होतं. माझे गणिताचे खेळ आणि झेडझेडटी यांत फरक काय, असा विचार मी केला. माझे खेळ फक्त माझ्या हातात होते. माझ्या शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांनाही मी मूळ फाइल दिली नव्हती, नुसता खेळ दाखवला होता. दिली असती तर कदाचित आज त्यांच्याकडे मिळाली असती.

आपल्या वर्गात काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आहे. पण आपल्याकडे संगणक किती आणि वीज किती वेळ, हे आपल्याला माहीतच आहे. म्हणून मी संगणकाशिवाय सुरुवात केली. चौथीच्या वर्गात केलेला उपक्रम देते.

साहित्य : चौकटीची वही, रंगीत खडू, कागदाची छोटी कार्डं.

१) वहीच्या पानावर १२ × १० घरांचं मैदान आखायचं. (घरं किती? आधी मुलांनाच विचारायचं.)
२) चिन्हं मुलांनी ठरवायची. आमच्या वर्गात 'ळ' म्हणजे साप ठरला, कारण तो वेटोळं घालून बसलेला दिसतो! 'ठ' म्हणजे विहीर. 'श्र' म्हणजे देवळातली आजी.
३) प्रत्येक बोलणाऱ्या वस्तूचं एक कार्ड करायचं. त्यावर "मला शिवलं तर..." असं लिहून पुढे आज्ञा लिहायच्या.
४) जोड्या करायच्या. एक जण खेळाडू, दुसरा संगणक. संगणकाने कार्डावर जे लिहिलंय तेच करायचं, स्वतःचं डोकं वापरायचं नाही.
५) खेळून झाल्यावर वह्या बदलायच्या आणि दुसऱ्याचं मैदान खेळायचं.

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा. सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने कार्डावर लिहिलं होतं, "मला शिवलं तर पाच चिंचोके घे आणि दार उघड." त्याच्या जोडीदाराकडे तीनच चिंचोके होते. आता काय करायचं? संगणक झालेला मुलगा म्हणाला, "लिहिलंच नाही, मी काही करणार नाही." खेळाडू म्हणाली, "मग तीन घे ना!" बराच वेळ भांडण झालं. मी मध्ये पडले नाही. शेवटी त्या मुलाने कार्ड परत घेतलं आणि खाली लिहिलं, "पाच नसतील तर म्हण, आधी चिंचेखाली शोध." मग उठून मैदानात एक चिंचेचं झाडही काढलं.

या एका तासात आज्ञार्थी वाक्यं झाली, जर-तर ची वाक्यं झाली, गुणाकार झाला, आणि 'माझ्या डोक्यातलं समोरच्याला आपोआप कळत नाही, ते लिहावं लागतं' हेही झालं. भाषेच्या तासाला याहून जास्त काय हवं?

ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी पुढे 'स्क्रॅच' घ्यावं. ते फुकट आहे, त्यात आज्ञांचे ठोकळे जोडायचे असतात आणि पात्रांच्या तोंडी मराठी वाक्यं टाकता येतात. गोष्ट लिहायची आवड असणाऱ्या मोठ्या मुलांसाठी 'ट्वाइन' आहे. त्यात "डावीकडे गेलास तर हे पान, उजवीकडे गेलास तर ते पान" अशा वाटा असलेली मराठी गोष्ट लिहिता येते. खुद्द झेडझेडटी वर्गात वापरा असं मी म्हणणार नाही. त्याच्या २५६ चिन्हांत देवनागरी नाही, आणि जुन्या खेळांपैकी काही लहान मुलांना दाखवण्यासारखे नाहीत. पालकांनी आधी स्वतः बघावेत.

पालकांसाठी दोन शब्द

मूल गेम खेळतंय म्हणजे ते वाया गेलं असं नाही, आणि गेम खेळतंय म्हणजे ते काहीतरी शिकतंय असंही नाही. दोन्हीकडून टोक नको. वेळेची मर्यादा घालाच. पण आठवड्यातून एकदा त्याला हे तीन प्रश्न विचारून बघा. या खेळाचे नियम काय आहेत? तू यात कोणता नियम बदलशील? बदललास तर खेळ सोपा होईल की अवघड? पहिल्यांदा "माहीत नाही" असंच उत्तर येईल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मूल बोलू लागतं.

आणि मुलाने काही बनवलं, कागदावर का असेना, तर ते जपून ठेवा. त्यावर तारीख घाला. रद्दीत देऊ नका. झेडझेडटीच्या त्या संग्रहातल्या कितीतरी फाइली कुणाच्या तरी घरी जुन्या फ्लॉपीवर पडून राहिल्या म्हणूनच आज सापडल्या.

आमच्या त्या मुलाचा मोबाईल सुटलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या चौकटीच्या वहीत आता सात मैदानं आहेत आणि ती एकमेकांना दारांनी जोडलेली आहेत. सातव्या मैदानावर त्याने शाळा काढली आहे. तिथे एक 'ब' उभा आहे. "हा ब म्हणजे कोण?" असं मी विचारलं. म्हणाला, "तुम्ही. तुम्हाला शिवलं की तुम्ही प्रश्न विचारता."

आपल्या वर्गात हा उपक्रम केलात तर मुलांनी कोणती चिन्हं निवडली ते नक्की कळवा. आणि हो, स्वतः तयार केलेल्या साहित्याची मूळ फाइल एका तरी सहकाऱ्याला आजच द्या.